कंप्युटर कधी मेला त्याची वही

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. मिक्सर लावला. कंप्युटर मेला.

दिपानं एवढंच लिहायला सांगितलंय. कधी मेला आणि तेव्हा घरात काय चालू होतं. ही डायरी तिच्या बापाला कंपनीत मिळते. दर वर्षी मिळते आणि दर वर्षी मी पानं फाडून डब्यांखाली घालते. या वर्षी म्हणे त्यात लिहायचं. मी चौथी शिकलेय. चौथीनंतर बापानं मिठागरावर नेलं ते नेलंच. पण अक्षर माझं दिपाच्या बापापेक्षा चांगलं आहे, हे कामोठ्यात कोणीही सांगेल.

पोरगी कंप्युटर शिकते, शेवटचं वर्ष. सकाळी यंत्र चालू करून कॉलेजात जाते आणि ते दिवसभर एकटंच आकडे काढत बसतं. मधेच मेलं की सगळे आकडे गेले. "आई, तू घरात असतेस. टाइम लिहून ठेव. मला कळलं पाहिजे फॉल्ट कुठे आहे." मला काय, मी राखणदार.

कंप्युटर माझ्या भावानं आणून दिला. वाशीच्या कुठल्याशा हापिसानं टाकलेला. पडद्यावर परक्या बोटांचे चिकट डाग, मागच्या जाळीत परके केस. दिपानं तो उघडला तर आतून वाळलेली पाल निघाली. तिनं ती हातानं उचलून बाहेर टाकली आणि त्याच हातानं बिस्कीट खाल्लं. मी बघितलं. तिला म्हटलं हात धू, तर म्हणते, "पाल ड्राय होती."

सव्वाचार. काहीच चालू नव्हतं, तरी मेला. बंद करायला पत्र्याला हात लावला तर कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मरता मरता पण चावतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आठ पाच, नऊ चाळीस, अकरा, पावणेदोन. चार वेळा मेला. पावणेदोनला मी फक्त पंखा लावला होता. आता घाम पुसायचा पण त्याला विचारून का?

खांदा कॉलनीतला कुमार वायरमन आला. चपला काढल्या ते बरं केलं, पण पाय असे की चपला परवडल्या. मीटरपाशी दिवा लावून बघितलं, हुं हुं केलं आणि म्हणाला, "कमळाकाकी, तुमच्या घराला आर्थिंगच नाही. खड्डा खणून जमिनीत वायर सोडावी लागेल. मागच्या दारी जागा आहे, तुळशीच्या बाजूला."

मी म्हटलं, "तुळशीच्या बाजूला खड्डा? मयताला खणतात तसा? माझ्या जागेत एक कुदळ पडायची नाय. यंत्र चावतं तर त्याचे दात काढ, माझी जमीन कशाला फोडतोस?"

दिपा म्हणाली, "आई, ऐकून तरी घे ना."

मी ऐकून घेतलं नाही. ऐकण्यासारखं काय होतं? कुमार हसला आणि गेला. दिपा बापाजवळ जाऊन कुजबुजली. या घरात माझ्यासमोर कोणी सरळ बोलत नाही. का बोलत नाही ते देव जाणे.

१७ मार्चला तिला प्रोजेक्ट द्यायचाय. नाही दिला तर वर्ष गेलं. बापानं सांगून ठेवलंय, पास झाली तर पुढं शिक, नापास झाली तर मे महिन्यात लग्न. उरणचा मुलगा बघून पण ठेवलाय. मी बघितलाय तो. बोलताना तोंडातला तंबाखू गालात फिरवतो. शी.

उद्या माहेरी हळदीला जाते आहे, तीन दिवस. मेला तर मेला, लिहायला कोणी नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल आले. आज दिवसभरात एकदाही मेला नाही. मुद्दाम मिक्सर लावला, पंखा लावला, इस्त्री लावली. मेला नाही. पत्र्याला बोट लावून बघितलं, चावला नाही.

दिपाला विचारलं, कसं काय? "कुमारदादानं वायरिंग टाइट केलं." बापाला विचारलं तर पेपरात तोंड. "व्हय, टाइट केलं."

मग त्या दिवशी का नाही केलं टाइट? मला उगाच खड्ड्याचं भय दाखवलं. असलीच असते ही वायरमन जात.

माझी जाऊ गोदू, धाकटी, बाजूच्याच घरात राहते. मधे फक्त एक बोळ आहे. हळदीचे लाडू तिला द्यायला गेले तर उगाच हसत होती. तिला कारण लागत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज पण मेला नाही. लिहायला काही नाही, मग दिपाचेच गुण लिहिते.

उंदीर म्हणून जे डबडं असतं त्याच्या पोटात एक रबरी गोळी असते. ती गोळी घरभराची घाण गोळा करते. ती घाण दिपा नखानं खरवडून काढते आणि नख पलंगाच्या पायाला पुसते. आतल्या चाकांना लागलेला मळ काढायला माझ्या समईच्या वाती घेतल्या. देवाच्या वाती! म्हणते, "कॉटन चांगलं आहे यांचं."

बटणांच्या फळीत बिस्किटाचा चुरा पडून मुंग्या झाल्या. तिनं फळी उलटी करून झटकली, आता मुंग्या माझ्या पिठाच्या डब्यात. त्या चौकोनी काळ्या फ्लॉप्यांना बुरशी आली ती साबणाच्या पाण्यानं धुतली आणि माझ्या पापडांशेजारी वाळत घातली. दोन पापड मी टाकून दिले. कोणत्या दोन पापडांना लागली ते कळेना म्हणून आणखी चार टाकले.

बंद पडलेले रेडिओ, कोणाचा फुटका फोन, घड्याळाचं पोट, हे सगळं पलंगाखाली. त्यांची हाडं उपसून ती एकमेकांना जोडते. जोडताना वितळलेल्या शिशाचा वास येतो, केस जळाल्यासारखा. तो वास तिला आवडतो! तिची मैत्रीण हेतल, पनवेलच्या कापडवाल्यांची, ती पण नाक पुढे करून हुंगते. चांगल्या घरातली पोरगी. दोघी मिळून त्या करकर करणाऱ्या छापखान्यातून ठिपक्यांची मांजर काढत होत्या. एका मांजरीला वीस मिनिटं आणि सगळ्या गल्लीला डोकेदुखी.

आणि प्रोजेक्ट काय, तर भरती-ओहोटीचं वर्षभराचं वेळापत्रक. मी म्हटलं, "तुझा आजोबा तिथीची पाऊणपट करायचा बोटांवर. चतुर्थीला तीन वाजता भरती. त्याला वीज लागत नव्हती."

"आजोबांचं अर्धा-पाऊण तास चुकायचं."

"त्यानं काय मिठागर बुडालं?"

तर वही पुढे करून म्हणते, "सांग ना, अष्टमीला किती?" सहा, म्हटलं. लिहून घेतलं. बावळटासारखी हसली. हसायला काय झालं?

१ मार्च, शनिवार

मेला नाही.

बोळाच्या कडेला माझ्या मिरच्या आहेत. बारा झाडं. सात सुकली. पानं कडेनं करपून खाली लोंबताहेत. कीड नाही, पाणी कमी नाही. माती ओलीच आहे, उलट जास्तच ओली आहे. मुळं उपटून बघितली तर काळी, बुळबुळीत. हात तीनदा धुतला.

दिपाच्या बापाचं पोट चार दिवस बिघडलंय. कंपनीतली भजी, तो म्हणतो. पण एकाच घरात मिरच्या पण जातात आणि पोट पण जातं, हे मला बरं दिसत नाही.

८ मार्च, शनिवार

आज अमावास्या. सकाळी कपडे वाळत घालायला वर गेले, तेव्हा खाली बोळात गोदू दिसली. बोळाच्या टोकाला तिच्या भिंतीखाली एक फरशी आहे. तिनं फरशी बाजूला सारली आणि तांब्यानं खाली पाणी ओतायला लागली. ओठ हलत होते. एक तांब्या ओतला की पुटपुटायची, मग दुसरा. पाच तांबे. मग फरशी सरकवली, इकडे तिकडे बघितलं, पदर सावरला आणि गेली.

आता आठवतंय, गेले आठ दहा दिवस रोज सकाळी तांब्याचा आवाज येतो. मला वाटायचं तुळशीला पाणी घालते.

गोदूला मूल नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली. माझी दिपा शिकते, उद्या नोकरी करेल. कोणाच्या मनात काय असतं ते चेहऱ्यावर दिसतं का? माझ्या पोरीला लाडू करून देते, केस विंचरून देते. गोड बोलण्याचीच मला आधीपासून किळस आहे.

दिपाला सांगायला गेले तर, "आई, आत्ता नको, मी मधे आहे." कशाच्या मधे? ती कायम कशाच्या तरी मधे असते.

१० मार्च, सोमवार

गोदू शिरढोणला भावाकडे गेली. काशीराम, माझा दीर, कामावर. दिपा कॉलेजात, कंप्युटर आत आकडे काढतोय. मी टिकाव घेऊन बोळात गेले.

फरशी काढली. माती भिजून चिखल झालेली, खणायला कष्ट पडले नाहीत. आधी मीठ लागलं. जाडं मीठ, आमच्या मिठागराचं असावं तसं. मग कोळसा. परत मीठ, परत कोळसा. थर लावलेले, निगुतीनं. दोन हात खाली तांब्याचा पत्रा, फूटभर, आणि त्याला तांब्याचीच तार गच्च आवळून बांधलेली. तार मातीतून भिंतीकडे गेलेली.

मी तिथंच ओकले.

चाळीस वर्षं मीठ बघतेय. मिठाचा असा वापर करतात हे ऐकलं होतं, डोळ्यांनी आज बघितलं. कोयत्यानं तार तोडली. पत्रा, कोळसा, मीठ, सगळं पिशवीत भरलं. खड्डा मातीनं बुजवला, फरशी होती तशी ठेवली. आज द्वितीया, भरती दीडला. ओहोटी लागल्यावर तीन वाजता खाडीवर गेले आणि घराकडे पाठ करून सगळं पाण्यात टाकलं. मागं बघितलं नाही. माझी आजी सांगायची, असं टाकलं की कोणाला बोलायचं नाही, बोललं की उलटतं. लिहायचं नाही असं काही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी गोदूनं भावाकडची पुरणपोळी पाठवली. मी ताट तसंच परत केलं. ती दारात येऊन म्हणाली, "काय झालं गो बाय? पुरन आवडत नाय का आता?" मी दार लावलं.

११ मार्च, मंगळवार

अकरा वाजून पाच मिनिटं. मिक्सर लावला. दिवे पांढरेफेक झाले, पंखा घरघरायला लागला आणि कंप्युटरमधून ठाप् करून आवाज आला. मागून धूर. शिशाच्या वासापेक्षा घाण वास, प्लास्टिक आणि मेलेलं काहीतरी. मी मेन स्विच पाडला.

दिपा दोनला आली. दारातूनच वास आला तिला. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून तिनं यंत्र उघडलं. आतलं सगळं काळं. खाली बसली आणि काळं झालेलं बोट बघत राहिली.

"सगळं आतच होतं?" मी विचारलं.

"अर्धं हेतलकडे फ्लॉपीवर आहे. फेब्रुवारीपर्यंतचं."

आज अकरा. द्यायचं सतराला. ती जेवली नाही. मी पण नाही.

१२ मार्च, बुधवार

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

कुमार आला. मीटर बघितलं, बाहेर खांबावर चढून बघितलं. म्हणाला, खांबावरची परतीची तार सैल आहे, सगळा भार आर्थिंगवर होता, आर्थिंग गेलं म्हणून दाब चढला. मग सरळ बोळात गेला आणि ती फरशी काढली.

"पत्रा कुठे गेला?"

मी म्हटलं, "कसला पत्रा?"

"आर्थिंगचा, काकी. तांब्याचा. मीठ आणि कोळशाचे थर देऊन पुरला होता. मीठ ओल धरतं, म्हणून रोज पाणी घालायला सांगितलं होतं."

दिपा जमिनीकडे बघत बोलायला लागली. मी माहेरी गेले त्याच दिवशी खड्डा खणला, बापाला माहीत होतं. तुळशीपाशी मी खणू देत नव्हते म्हणून बोळाच्या टोकाला, गोदूच्या भिंतीखाली. गोदूनं जागा दिली. रोज पाच तांबे पाणी घालायचं कामही तिनंच घेतलं, मोजून, म्हणजे मला कळू नये. "आईला सांगितलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं."

हे खरं नाही. मी कधी घर डोक्यावर घेत नाही. असं मी ओरडून सांगितलं तर कुमारनं कान झाकले.

तेवढ्यात दिपाचा बाप म्हणाला, "ती जागा गोदूशिवाय कोनाला म्हाईत व्हती? परवा हिनं पुरनपोली परत केली, त्याचा राग काढला तिनं."

काशीराम तिथंच उभा होता. त्यानं गोदूला हाक मारून बोलावलं. सगळ्यांसमोर विचारलं. "मी कशाला काढू? पोरीचं काम मी कशाला बिघडवीन?" गोदू म्हणाली. काशीराम म्हणाला, "मंग काय कुत्र्यानं तार तोडली? कोयत्यानं तोडल्येय ती." आणि नको ते बोलला. मूल नसलेल्या बाईला जे बोलतात ते बोलला.

गोदूनं माझ्याकडे बघितलं. मी मिरच्यांकडे बघितलं.

१३ मार्च, गुरुवार

काल भांडी घासताना स्वतःच्या हातांचा वास आला. खाडीच्या चिखलाचा. सोमवारचा वास बुधवारी येत नाही, मला कळतं. तरी आला.

१४ मार्च, शुक्रवार

दिपा कॉलेजातून आली. मॅडम म्हणाल्या, दर वर्षी कोणाचा तरी कंप्युटर नेमका आठ दिवस आधी जळतो. मुदत वाढवून पाहिजे तर लेखी काहीतरी आण. वायरमनची चिठ्ठी चालणार नाही, चिठ्ठी कोणीही देतं.

"आई, तुझी डायरी दे ना. त्यात सगळं तारखेनं आहे. कधी बंद पडला, कधी जळला. याहून चांगलं प्रूफ नाही."

मी म्हटलं, "मी लिहिलंच नाय नंतर."

"रोज लिहीत होतीस. मी बघितलंय."

"भाजीचा हिशोब लिवत व्हते."

ती गेली. मी डायरी काढली. दहा तारखेचं आणि बारा-तेराचं पान फाडायचं, झालं. पण या कंपनीवाल्यांनी एका पानाच्या दोन बाजूंना दोन दिवस छापलेत. पुढे दहा, मागे अकरा. पुढे मी पत्रा काढला, मागे कंप्युटर जळला. दहा फाडलं की अकरा पण जातं. अकरा गेलं की पोरीचं वर्ष जातं, आणि मे महिन्यात तो गालातला तंबाखू.

नवीन पानावर अकरा तारखेचं परत उतरवायचं तर शाई वेगळी. मॅडमला ते कळणार, त्या शिकलेल्या आहेत. आणि माझ्यात तेवढं धाडस पण नाही. खोटं बोलायला मी कधी घाबरले नाही, खोटं लिहायला हात थांबतो. असं का ते माहीत नाही.

१५ मार्च, शनिवार

सकाळी नळाला बायका जमतात तेव्हाच गेले. घरात जाऊन सांगितलं असतं तर भिंतीला सांगितल्यासारखं झालं असतं.

गोदू हंडा लावून उभी होती. कोणी तिच्याजवळ नव्हतं. दोन दिवसांत गावभर झालंय की गोदूनं पुतणीचं यंत्र जाळलं.

मी म्हटलं, "गोदू, तो पत्रा मी काढला. मला वाटलं तू करणी केलीस. खाडीत टाकून आले. तू काय केलं नाय."

नळ वाहत होता. कोणी बंद केला नाही. आशालता, समोरची, तिच्या तोंडातली मिशेरी तशीच राहिली, बोट दातावर.

गोदूनं हंडा उचलला. अर्धाच भरला होता. गेली. दाराची कडी लावलेली मला नळापर्यंत ऐकू आली.

काशीरामला पण जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "वयनी, आधी बोलायला काय झालं व्हतं?" मी म्हटलं, "आणि तुला तसलं बोलायला काय झालं होतं?" माझ्या चुकीत त्याची चूक बसत नाही, ती त्याची त्यानं उचलावी.

मग दिपाला डायरी दिली. म्हटलं, "सगळी ने. एक पण पान फाडलेलं नाय. वाचू नको." ती दारातच वाचायला लागली. दहा तारखेपर्यंत आली आणि माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते, आता बोलेल. काही तरी बोल, शिव्या दे. तिनं डायरी पिशवीत घातली. "बसची वेळ झाली," म्हणाली.

बापावर गेलीय. तो पण असाच मारतो, न बोलता.

१७ मार्च, सोमवार

डायरी परत आली. शनिवारचं पण आजच बसून लिहिलं. मॅडमनं लाल शाईनं सही केलीय, अकरा तारखेच्या खाली. दहा तारखेवर पण एक लाल रेघ आहे, वाचताना पेन टेकलं असेल. मुदत दिली, २६ तारखेपर्यंत.

"हसल्या का?" मी विचारलं.

"हसल्या. मग दुसऱ्या मॅडमना बोलावून वाचून दाखवलं. त्या पण हसल्या."

म्हणजे माझी मिरची, माझी ओकारी, नवऱ्याचं पोट, सगळं पनवेलभर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिपाला म्हटलं, तुझं काम झालं ना? झालं, म्हणाली. मग हसू दे.

२४ मार्च, सोमवार

दिपा आता हेतलकडे राहते, रोज सकाळी दोघी बसतात. मी डबा पाठवते. तिथे म्हणे कंप्युटरच्या खोलीत चपला घालतात आणि जेवतात पण तिथेच. श्रीमंतांची घाण वेगळी असते.

काल होळीला बोळातून गोदूकडे नैवेद्याचं ताट पाठवलं. परत आलं. पदार्थ जसेच्या तसे. बरोबरच आहे.

२६ मार्च, बुधवार

दिला. चार वाजता दिला. छापलेले कागद एवढे की माझ्या सगळ्या डब्यांखाली सुद्धा मावले नसते. मॅडमनं तिथंच बसवून प्रश्न विचारले. एक प्रश्न असा, की अष्टमीची भरती सहाच्या आसपास येते हे तपासलं कशावरून? दिपानं सांगितलं, आईला विचारून. मॅडमनं विचारलं, तीच आई?

तीच, म्हणाली.

हे सांगताना दिपा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली, अकरा दिवसांनी. मग परत कुठल्याशा रेडिओचं पोट फाडायला बसली. शिशाचा वास घरभर. खिडकी उघडली.

२७ मार्च, गुरुवार

दुपारी गोदू आली. सरळ आत. पाट घेतला आणि बसली. पाणी विचारलं तर मान हलवली, नको.

"ती वही आन."

"कुठली?"

"माजं लिवलंस ती. पोरीनं सांगितलं, सगलं लिवलंय. मना वाचता येत नाय. तू वाच."

मी म्हटलं, "गोदू, जाऊ दे."

"गावासमोर बोललीस ना? आता माज्यासमोर वाच."

दिपा आतून बघत होती. उठून आली नाही. वाचून दाखवते पण म्हणाली नाही. मी डायरी आणली. मला लिहिता चांगलं येतं, वाचताना अडखळते. माझंच लिहिलेलं, तरी अडखळले. उगाच हसत होती, ते वाचलं. मूल नाही, तिथं थांबले. "पुढं," ती म्हणाली. वाचलं. लग्नाला सोळा वर्षं, गोड बोलण्याची किळस, ते पण वाचलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, वहीकडे बघत होती, जणू तिला दिसत होतं कुठं आलंय ते.

मग तिनं पाण्याचं परत वाचायला लावलं. ओठ हलत होते, तिथं आल्यावर तिनं हात वर केला.

"मोजत व्हते मी. पाच म्हनजे पाच. पोरीनं सांगितलं व्हतं."

"हो. कळलं मला."

"परत वाच ते. किती दिवस लिवलंस?"

मी बघितलं. "गेले आठ दहा दिवस."

"आठ दहा?" आता तिनं माझ्याकडे बघितलं. इतके दिवस तिच्या तोंडावर राग बघितला नव्हता, तो आत्ता दिसला. करणीच्या संशयाला आला नव्हता एवढा. "एवडी मोठी वही, आन त्यात आठ दहा? मना ताप व्हता तवा पन घातलंय पानी. शिवरात्रीला उपाशी घातलंय. दिपा, किती दिवस गो?"

दिपा आतून म्हणाली, "आठ फेब्रुवारीपासून दहा मार्चपर्यंत, काकी. एकतीस."

"लिव," गोदू म्हणाली.

मी म्हटलं, नंतर लिहीन. चुलीवर भात आहे.

"आता लिव. मी बघते."

म्हणून हे तिच्यासमोर लिहिते आहे. आठ दहा दिवस खोडलं. ८ फेब्रुवारी ते १० मार्च, एकतीस दिवस, रोज पाच तांबे, गोदूनं पाणी घातलं. एक दिवस चुकली नाही.

लिहिलं, म्हटलं. आता ऊठ, भात करपतोय.

उठली नाही. म्हणाली, परत वाच.